डिमरकाकांचा ब्लॅकआउट

पडदा वर जातो आणि रंगमंचावर काहीही दिसत नाही.

घाबरू नका, वीज गेलेली नाही. थोडं थांबलं की डोळे सरावतील, असंही समजू नका. हा अंधार कच्च्या हाताने केलेला नाही. नुसतं ऐका. डावीकडे पलंग करकरतो. मधोमध एखादी खुर्ची असावी, कारण कुणीतरी तिला अडखळून "मेले गं!" म्हणतं. उजव्या अंगाला खिडकी आहे, पण तिच्यावर काळ्या मखमलीचे दोन थर आहेत आणि कडांना पट्ट्या ठोकल्या आहेत. दाराखालच्या फटीत टॉवेलची गुंडाळी. कुलपाच्या भोकात मेण. भिंतीवरच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे चमकायचे, तर त्यांच्यावरही चिकटपट्टी. बिचारं टिकटिकतं, पण वेळ सांगत नाही. बाहेर टळटळीत दुपार आहे. भाजीवाला ओरडतो आहे. आणि आत पलंगावर बसले आहेत डिमरकाका, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर उजेड टाकला.

"अहो, ही खुर्ची इथे कुणी आणली?" खुर्चीला अडखळलेल्या काकू विचारतात.

"ती पहिल्या दिवसापासून तिथेच आहे."

"मग मी कुठे आहे?"

काकांना हसू येतं. पण हसलं की घशात खरवडतं, म्हणून ते हसू गिळतात.

डिमर म्हणजे नाटकात दिवे हळूहळू कमीजास्त करायची मूठ. काकांचा हात त्या मुठीवर पडला तेव्हा मिशी फुटली नव्हती आणि निघाला तेव्हा मिशी पांढरी झाली होती. त्यांच्या हातची संध्याकाळ अशी उतरायची, की पुढच्या रांगेतल्या बायका पर्स सावरून घरी निघायच्या बेताला येत. नट म्हणायचे, काकांनी उजेड टाकला की वाक्य विसरलं तरी चालतं, लोकांना वाटतं माणूस विचारात पडलाय. काकू त्याच नाटकमंडळीत कपडेपट सांभाळायच्या. लग्नाआधी काकांनी त्यांना पाहिलं ते विंगेतल्या निळ्या दिव्यात. "बाहेर भेटलो तेव्हा कळलं," काका सांगायचे, "की हिचा रंग निळा नाही आणि स्वभावही शांत नाही." यावर काकूंचं उत्तर ठरलेलं असे: "आणि मला कळलं, की हा माणूस उजेडात आणला तर काही कामाचा नाही."

आणि काकांचा ब्लॅकआउट! तो तर नावाजलेला. त्यात एकही चूक त्यांना खपत नसे. एका नटाच्या कपड्यांवरचं बटण अंधारात चमकलं, तर काकांनी त्याला मध्यंतरात गाठून बटणाला काजळ फासलं होतं. "अंधार म्हणजे अंधार," ते म्हणत. "थोडासा अंधार असं काही नसतं."

हे वाक्य लक्षात असू द्या. याच वाक्याने त्यांना कोंडलं.

झालं असं, की घास अडकायला लागला. आधी कोरडा, मग ओला, मग पाणीसुद्धा. अन्ननलिकेत गाठ निघाली. वय आणि काळीज पाहता चिरफाड नको असं ठरलं, आणि डॉक्टरीणबाईंनी वेगळाच उपाय काढला. उजेडाने जाळायची, म्हणाल्या. काकांना वाटलं, बाई आपली चेष्टा करते आहे.

"चेष्टा नाही. शिरेतून एक औषध देणार. ते गाठीतल्या पेशींमध्ये जाऊन झोपतं. मग तोंडातून बारीक तार आत घालून लाल उजेड टाकायचा. उजेड पडला की औषध जागं होतं आणि ज्या पेशीत बसलंय तिलाच मारतं."

"म्हणजे नट विंगेत उभा, आणि उजेड हा त्याचा क्यू, आत शिरायची खूण."

"अगदी. फक्त हा नट एंट्री घेतली की घरच पाडतो."

काकांना बाई आवडल्या. "पण लालच का?"

डॉक्टरीणबाईंनी खिशातली छोटी टॉर्च पेटवली आणि आपल्या तळहाताला खालून टेकवली. बोटं कडेने लालभडक झाली. "टॉर्च पांढरी आहे, तरी पलीकडे निघाला तो लाल. निळा कातडीतच अडकतो, हिरवा रक्त पिऊन टाकतं. मांसातून खोल उतरतो तो लालच."

ही जादू काकांची जुनी होती. प्रयोग संपवून घरी पोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. दिवा लावला तर ती उठेल, आणि न लावला तर तिचं तोंड दिसणार नाही. म्हणून ते टॉर्च तळहाताने झाकून पेटवायचे आणि बोटांतून गळणाऱ्या त्या लालसर उजेडात तिच्याकडे पाहून घ्यायचे. तिचं सगळं लहानपण त्यांनी असं हाताआडून पाहिलं होतं.

औषध दिलं गेलं, दोन दिवसांनी लाल उजेडही टाकून झाला. घरी सोडताना नर्स बजावायला आली. "काका, ते औषध कातडीतून लवकर जात नाही. ऊन लागलं, मोठ्या दिव्याखाली बसलात, तर भाजल्यासारखं होईल. महिनाभर तरी जपायचं. पण घरात—"

"ताई," काकांनी हात वर केला, जणू समोर हजार प्रेक्षक आहेत. "उजेडाचं मला सांगता? माशाला पोहायला शिकवताय! असा अंधार करीन, की तुमचं औषध म्हणेल, मी आलो कुठे."

शेजारच्या खाटांवरचे पेशंट हसले. नर्सही हसली. मग पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं.

घरी आल्यावर काकांनी मागची खोली घेतली, आणि पहिले दोन दिवस तर त्यांना सणासारखे गेले. काकूंनी जपून ठेवलेली काळी मखमल ट्रंकेतून निघाली. पट्ट्या ठोकल्या गेल्या. काका अंधारात बसून हुकूम सोडायचे, "वरच्या कोपऱ्यातून सुई येतेय." लेक बाहेरून म्हणायची, "बाबा, कुठली सुई?" "उजेडाची गं! बंद कर ती!" शेवटची सुई बंद झाली तेव्हा काकांनी समाधानाने मान डोलावली. ती कुणालाच दिसली नाही.

लेकीला ते पोपट म्हणत. लहानपणापासून तिची बडबड थांबायची नाही म्हणून. पोपट आता चांगली पस्तिशीची होती आणि भिंगं घासायच्या कारखान्यात कामाला होती. समुद्रापलीकडच्या एका कारखान्यातून तिला बोलावणं आलं होतं. काम मोठं, पगार चांगला, पण काही वर्षं तरी घरी येणं नाही. निघायच्या आधीचा महिना ती बापाची शुश्रूषा करायला घरी येऊन राहिली होती. काकांचा महिना संपणार आणि दोन दिवसांत तिची गाडी सुटणार, असा हिशेब जुळला होता.

आणि काकांना स्टेशनवर जायचं होतं. एवढंच. दुसरं काही त्यांनी मागितलं नव्हतं, गाठीबद्दलसुद्धा नाही. कारण उभ्या आयुष्यात निरोप घ्यायचा तो त्यांनी, द्यायचा तो तिने. दौऱ्यावर निघताना ते खिडकीत बसायचे आणि ती आईचं बोट धरून फलाटावर उभी राहायची. गाडी हलली की ती लहान लहान होत जायची. "या खेपेला खिडकीत ती," काका म्हणायचे, "आणि फलाटावर मी. एकदा तरी मला उभं राहून हात हलवू दे."

पण महिना म्हणजे काय असतो, हे उजेडात राहणाऱ्याला कळायचं नाही. पहिला आठवडा काकांनी जुनी नाटकं मनातल्या मनात लावून काढला. पहिल्या घंटेपासून शेवटच्या पडद्यापर्यंत, एकेक दिवा. दुसऱ्या आठवड्यात दिवे मनातसुद्धा लागेनासे झाले. तोंडं पुसट झाली. सकाळ आहे की संध्याकाळ, हे फक्त भांड्यांच्या आवाजावरून कळे. भिंतीला हात लावत खोलीभर फिरायचं, पलंग, कपाट, ट्रंक, दार, पुन्हा पलंग. पिंजऱ्यातला वाघ निदान बघे तरी बघतो. कधीकधी स्वतःच्या डोळ्यांसमोर बोटं हलवून काका हळूच विचारत, "आहेस का रे?"

विरंगुळा म्हणून ते ट्रंक उघडायचे. तिच्यात त्यांनी जिलेटिनचे तुकडे साठवले होते. दिव्यासमोर लावायचे रंगीत पारदर्शक कागद. नाटकातली पहाट, आग, चांदणं, सगळं यांच्यातूनच निघतं. काका ते बोटांनी चाचपत. हा खरखरतोय म्हणजे जुना अंबर, मावळतीचा पिवळा. हा मऊ, म्हणजे निळा. रंग बोटांना कळत नाहीत, पण अंधारात चूक काढणार कोण?

पोपट दिवसातून कितीतरी वेळा आत यायची. टकटक करून झटकन आत, टॉवेलची गुंडाळी पुन्हा फटीत सारायची, काकांना बदलायचे कपडे द्यायचे. मग अखंड बडबड. कारखान्यातला साहेब कसा शिंकतो, शेजारच्या काकूंची मांजर कुणाच्या घरात व्याली, नव्या गावात म्हणे वाराच इतका, की छत्री हातात न धरता कमरेला बांधतात. काका ऐकायचे. त्यांना वाटायचं, चला, पोरगी आनंदात आहे. आणि मग त्यांना आठवायचं, की आपल्याला तिचं तोंड आठवत नाहीये. लहानपणीचं आठवे, ते हाताआडचं, लाल. आताचं नाही.

निघायला तीन-चारच दिवस उरले होते. दुपारी पोपट आली, एरवीसारखी बोलली, मग म्हणाली, "बाबा, मी इथेच जरा पडते," आणि खाली चटईवर आडवी झाली. थोड्या वेळाने तिचा श्वास संथ झाला.

काका पलंगावर बसून राहिले. मग उठले. ट्रंकेतल्या कागदांखाली टॉर्च होती. दौऱ्यातली, जाड काचेची, जोरकस. काकूंनी तिच्यात नवे सेल घालून ठेवले होते. काकूंना बंद पडलेली वस्तू घरात खपत नसे.

एकच क्षण, त्यांनी स्वतःला सांगितलं. हात मध्ये आहेच. सगळा उजेड हातच अडवेल. जसा नेहमी अडवायचा.

त्यांनी तळहात काचेवर गच्च दाबला आणि बटण सरकवलं.

महिनाभरात पहिल्यांदा जग दिसलं. बोटं निखाऱ्यासारखी. चटईची कड. केसांची बट, तिच्यात पांढरं काहीतरी. हनुवटी. एकच क्षण म्हणून सुरू झालेलं ते बघणं लांबत गेलं. घड्याळाने तर वेळ सांगणं सोडलंच होतं. मग उजेड वर सरकला आणि काकांना दिसलं, की पोपटचे डोळे उघडे आहेत. आणि दोन्ही गाल ओले आहेत.

"बाबा?"

टॉर्च बंद.

"स्वप्न पडलं तुला," काका म्हणाले.

"जागीच होते मी."

"मग मला पडलं असेल."

ती उठून गेली. हाताची आग सुरू झाली ती त्यानंतर. आधी मुंग्या, मग मिरची चोळल्यासारखं. काकांनी हात उशीखाली दाबला. अंधाराचा हा एक फायदा असतो, त्यात चोराला लपावं लागत नाही. पण संध्याकाळी काकूंनी पाण्याचा पेला हातात दिला आणि तो खाली पडला. काकूंनी अंधारात हात चाचपला.

"अगं बाई! हा हात आहे की तवा? काय केलंत?"

"काही नाही."

"काही नाहीने फोड येत नाहीत! पोपट, फोन लाव दवाखान्यात!"

फोनच्या पडद्यालाही उजेड असतो, म्हणून फोन खोलीत आणायची सोय नव्हती. पोपट बंद दाराबाहेर उभी राहून नर्सशी बोलू लागली आणि दोन्हीकडचं ओरडून पोचवू लागली.

"बाबा, ती विचारतेय, खोलीत दिवा कसला ठेवलाय?"

"सांग तिला, एकसुद्धा नाही!" भाजल्या हातानेही काकांचा आवाज खणखणला.

बाहेर पोपटने तसंच सांगितलं.

"बाबा, ती विचारतेय, एकसुद्धा नाही म्हणजे?"

"म्हणजे एकसुद्धा नाही! कुलपात मेण घातलंय म्हणावं! घड्याळाचे डोळे बांधलेत!"

मग पोपटचा आवाज, बारीक. "ती म्हणतेय, बाबांना फोन द्या. पालथा धरून द्या."

काकांनी फोन कानाला लावला. नर्स चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

"काका, त्या दिवशी मी पुढे हेच सांगत होते. उन्हापासून जपा, पण घरात साधा दिवा ठेवा. मंद उजेड अंगावर पडायला हवा. त्या उजेडानेच कातडीतलं औषध थोडं थोडं मोडत जातं. मिट्ट अंधारात ते तसंच बसून राहतं. माझंही चुकलं, परत येऊन वाक्य पुरं करायला हवं होतं."

काका ऐकत होते. त्यांचा दुसरा हात ट्रंकेवर होता. आत अंबर, निळा, गुलाबी, सगळे जसेच्या तसे. दिव्यासमोर लावलेलं जिलेटिन प्रयोगागणिक विटत जातं, शेवटी पाण्यासारखं फिकट होतं. आणि ट्रंकेत मिटून ठेवलेलं? वर्षानुवर्षं तसंच, कोऱ्याचं कोरं. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं! आणि त्यांनी महिनाभर स्वतःलाच ट्रंकेत मिटून ठेवलं होतं.

"ताई, आता किती?"

"नव्याने सुरुवात केली असंच धरा. काही आठवडे मंद उजेडात काढा. हात बरा झाला, की दुसऱ्या हाताचा एवढासा भाग थोडा वेळ उन्हात धरायचा. दुसऱ्या दिवशी लाल दिसला नाही, तर हळूहळू बाहेर पडायचं. आणि आज हात दाखवायला अंधार पडल्यावर या, पूर्ण झाकून."

"आणि स्टेशन?"

नर्सला कुठलं स्टेशन ते माहीत नव्हतं. "उन्हात नाही, काका," ती म्हणाली.

काकूंना सगळं कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या खाली बसल्या. "महिनाभर मी या खुर्चीने पायाची बोटं फोडून घेतली. पाणी चाचपडत दिलं. माझा नवरा कसा दिसतो तेही विसरले. आणि हे सगळं उगाच?"

"उगाच नाही," काका म्हणाले. "ब्लॅकआउट चांगला झाला होता."

"चुलीत घाला तुमचा ब्लॅकआउट!" काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात हसू होतं की रडू, ते अंधारात ठरवता आलं नाही.

हाताला पट्टी बांधून आणल्यावर काकांनी शेवटची सूचना सोडली. छोटा दिवा. कोपऱ्यात, जमिनीवर. तोंड भिंतीकडे, म्हणजे उजेड भिंतीवर आपटून मऊ होऊन येईल. पोपटने बटण दाबलं. पिवळट, आजारी उजेड तो, कुठल्याही नाटकात काकांनी चालवून घेतला नसता. तिघं एकमेकांकडे बघत राहिले, परक्या गावात भेटलेल्या ओळखीच्या माणसांसारखे.

"तुम्ही पांढरेफटक झालात," काकू म्हणाल्या.

"तू तशीच आहेस. निळी नाहीस."

मग काकांनी लेकीकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं. भांगाजवळ पांढरं. हा चेहरा एकाच दुपारी रडलेला नव्हता.

"रोज रडायचीस?"

"रोज नाही."

"आणि ती शिंका, ती मांजर, त्या छत्र्या?"

"त्या खऱ्या होत्या. नुसता आवाज आनंदात ठेवायचा, बाबा. तुमच्या नटांकडूनच शिकले. अंधारात सोपं जातं." ती जवळ येऊन बसली. "नको जाऊ का मी? सांगा. तुम्ही म्हणालात तर आत्ता कळवते."

काकांच्या तोंडात शब्द आला होता. तो घशाशी अडकला. आणि या खेपेला गाठीचं नाव घ्यायला जागा नव्हती. 'नको जाऊस' म्हटलं, की हीही आत. मग तिघंही या पिवळ्या उजेडात, कडेकोट. ते वाकून दिवा उगाच जरा सरकवू लागले.

"उजेड डोळ्यांत येतोय का तुझ्या?"

"नाही."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. तिला उत्तर मिळालं.

जायचा दिवस उजाडला तो लख्ख. काका आतल्या बोळकांडीत उभे होते. पूर्ण बाह्यांचा कोट, काकूंनी कपडेपटातून आणलेले राणीचे हातमोजे, उजव्या हाताचा पट्टीवरून ताणलेला, आणि डोक्यावर एका जुन्या खलनायकाची रुंद काठाची टोपी. काकूंनी मागून त्यांच्या कोटाचं टोक धरून ठेवलं होतं. "उंबऱ्यापुढे पाऊल टाकलंत तर बघा. नाटकातल्या पोलिसासारखी सोडून देणार नाही मी."

पोपटने त्यांना धरलं, सोडलं, पुन्हा धरलं. मग बॅगेची चाकं खडखडली आणि दार उघडलं.

दारातली पायरी घराच्या सावलीत होती आणि पलीकडचा रस्ता उन्हात धगधगत होता. पोपट पायरीवर थांबून मागे वळली. आतून काकांना दिसली ती नुसती काळी आकृती. एवढ्या जवळ, आणि तोंड नाही. उजेड पाठीमागे असला की असंच होतं. पोरसवदा लाइटवालासुद्धा सांगेल.

"बाबा, येते मी," आकृती म्हणाली.

काकूंच्या मुठीत कोटाचं टोक ताणलं गेलं. काकांनी टोपीचा काठ वर केला, डोळे बारीक केले. मग पट्टीवाला हात उचलून त्यांनी तिला खूण केली, मागे, आणखी मागे, जशी तालमीत नटांना करायचे. ती आधी गोंधळली. मग कळलं तिला. बॅग ओढत ती एकेक पाऊल मागे जाऊ लागली. पायरीवरून रस्त्यावर, घराची सावली संपते तिथपर्यंत, आणि त्याच्याही पुढे. जितकी लांब गेली, तितकं ऊन तिच्या पायांवरून वर चढलं, मग खांद्यांवर, मग हनुवटीवर.

काकांचा हात थांबला.

"हां, तिथेच. आता दिसतेस."